पाठपत्रकातील चित्रे आणि त्यांची पूर्वनिश्चित मांडणी

(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

१. विषयप्रवेश

प्राथमिक शाळेतील शिक्षकाला पाठ्यपुस्तकाखेरीज बरेचसे वाचनसाहित्य आज स्वतःच तयार करावे लागते. शब्दपत्रके, चित्रवाचनाची पाने, घटक चाचण्या, सहलीच्या सूचना, पालकसभेची निवेदने असे सर्व काही शाळेतील किंवा केंद्रातील संगणकावर लिहिले जाते व त्याच्या प्रती काढून वर्गात वाटल्या जातात. या कामी वर्ड प्रोसेसर हे साधन सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. मजकूर लिहिणे, ठळक करणे, तक्ता आखणे या गोष्टी बहुतेक शिक्षकांना येतात. मात्र पानावर चित्र घातले की अडचणींना आरंभ होतो. चित्र एका जागी ठेवावे तर ते दुसरीकडे सरकते, मजकूर मध्येच तुटतो, एखादी ओळ चित्राखाली झाकली जाते, आणि दहा मिनिटांचे काम तासभर लांबते.

केवळ शिक्षकाचा वेळ जातो एवढ्यापुरताच हा प्रश्न असता, तर त्यासाठी स्वतंत्र लेखाची गरज नव्हती. परंतु त्याचा संबंध मुलाच्या वाचनाशी येतो. एक उदाहरण पाहू. पहिलीच्या वर्गासाठी एक पत्रक केले आहे. डाव्या बाजूस एकाखाली एक कमळ, मगर, बदक, घर आणि नळ यांची चित्रे आहेत व प्रत्येक चित्रासमोर त्याचे नाव लिहिले आहे. सर्व जुळून आल्यावर शिक्षकाने वरच्या भागात दोन ओळींची सूचना वाढविली. नावे खाली सरकली. चित्रे मात्र पानावर जागच्या जागी खिळलेली असल्याने तेथेच राहिली. आता मगरीच्या चित्रासमोर ‘कमळ’ हा शब्द आला. अशा पत्रकाच्या चाळीस प्रती निघाल्या तर काय होईल? मोठा माणूस पाहताक्षणीच म्हणेल की, पान चुकले आहे. नुकतेच अक्षर ओळखू लागलेले मूल तसे म्हणत नाही. छापील कागदावर त्याचा पूर्ण विश्वास असतो. ‘क’, ‘म’, ‘ळ’ ही अक्षरे त्याने बरोबर ओळखलेली असतात. पण समोर मगर दिसते, म्हणून ते स्वतःच्या वाचनावर संशय घेते. चित्राकडे पाहून ‘मगर’ म्हणणारे मूल तर अक्षराकडे पाहण्याचेच सोडून देते. म्हणून चित्राची मांडणी हा शोभेचा विषय नसून तो अध्यापनाचा विषय आहे.

२. चित्र आणि मजकूर यांचे जुने नाते

मुलांच्या पुस्तकात चित्र कोठे असावे, याचा विचार नवा नाही. योहान आमोस कोमेनियस या शिक्षणशास्त्रज्ञाचे ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक पाठाच्या आरंभी चित्र, चित्रातील वस्तूंना क्रमांक, आणि चित्राखालील मजकुरात तेच क्रमांक अशी योजना होती. चित्र वर, मजकूर खाली, आणि दोहोंना जोडणारी निश्चित खूण. कोणता शब्द कोणत्या वस्तूचा, याविषयी मुलाला शंका उरू नये, हा त्यातील हेतू उघड आहे.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात चित्राचा ठसा लाकडावर बसवून खिळ्यांच्या उंचीइतका केला जाई व जुळारी त्याच्या भोवती मजकुराच्या ओळी जुळवी. कोणती ओळ आखूड घ्यावयाची, कोठे मोकळी जागा सोडावयाची, हे तो हाताने ठरवी. एकदा फर्मा आवळला की ठसा हलत नसे. वर्ड प्रोसेसरमधील पान असे कधीच आवळले जात नाही. प्रत्येक नव्या अक्षरागणिक ते पुन्हा जुळविले जाते. जुळाऱ्याने डोळ्यांनी पाहून घेतलेला निर्णय येथे यंत्र नियमाने घेते. तो नियम कोणता असावा, हे मात्र आपण यंत्राला सांगू शकतो, आणि तेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

३. मांडणीचे प्रकार

चित्राभोवती मजकूर कसा वाहावा, याच्या रीतीला इंग्रजीत ‘टेक्स्ट रॅपिंग’ म्हणतात. आपण तिला ‘मजकुराची वळण’ म्हणू. नवे चित्र घालताना आपण काहीही न सांगता यंत्र जी वळण स्वतःहून पत्करते ती ‘डिफॉल्ट’, म्हणजेच पूर्वनिश्चित वळण होय. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये वळणीचे सात प्रकार आढळतात. त्यांचे स्वरूप समजून घेतले म्हणजे पुढील कृती सोपी होते.

पहिला प्रकार ‘इन लाइन विथ टेक्स्ट’, म्हणजे ओळीतील चित्र. येथे चित्र हे जणू एक मोठे अक्षरच असते. ते ओळीत बसते, ओळीबरोबर पुढे सरकते, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या शब्दांशी असलेला त्याचा क्रम कधीही बदलत नाही. वर्डने आरंभी हाच प्रकार पूर्वनिश्चित ठेवलेला असतो.

उरलेले सहा प्रकार तरंगत्या चित्रांचे आहेत. ‘स्क्वेअर’मध्ये मजकूर चित्राच्या चौकटीभोवती वळतो. ‘टाइट’मध्ये तो चित्राच्या आकाराची कड धरून वळतो, आणि ‘थ्रू’मध्ये आकारातील मोकळ्या जागेतही शिरू शकतो. ‘टॉप अँड बॉटम’मध्ये मजकूर चित्राच्या वर संपतो व खाली पुन्हा सुरू होतो; बाजूस काही येत नाही. ‘बिहाइंड टेक्स्ट’मध्ये चित्र मजकुरामागे जाते आणि ‘इन फ्रंट ऑफ टेक्स्ट’मध्ये मजकुरावर येऊन तो झाकते.

तरंगते चित्र ओळीत नसले तरी ते अगदी निराधार नसते. ते कोणत्या तरी परिच्छेदाला नांगरलेले असते. चित्रावर क्लिक केले असता परिच्छेदाजवळ नांगराची खूण दिसते ती हीच. तो परिच्छेद पुढील पानावर गेला तर चित्रही त्या पानावर जाते, आणि तो परिच्छेद खुणेसह पुसला तर चित्रही नाहीसे होते. “चित्र आपोआप गेले” अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. तरंगत्या चित्राला ‘मूव्ह विथ टेक्स्ट’ म्हणजे मजकुराबरोबर सरकणे, किंवा ‘फिक्स पोझिशन ऑन पेज’ म्हणजे पानावर स्थिर राहणे, असे दोन पर्यायही असतात. आरंभीच्या उदाहरणात घोटाळा झाला तो या दुसऱ्या पर्यायामुळे.

४. कोणती वळण पूर्वनिश्चित करावी?

या प्रश्नाचे उत्तर पत्रक कोणासाठी आहे, यावर अवलंबून आहे.

पहिली व दुसरीच्या मुलांसाठी ओळीतील चित्रच सर्वांत सुरक्षित होय. या वयातील मूल ओळ संपल्यावर पुढील ओळीचा आरंभ शोधण्यास शिकत असते. बोट ठेवून ते डावीकडे परत येते आणि तेथे ठरावीक जागी ओळ सुरू व्हावी, अशी त्याची अपेक्षा असते. चित्र डाव्या बाजूस ठेवून ‘टाइट’ वळण दिली, तर प्रत्येक ओळ निराळ्या ठिकाणी सुरू होते. चित्र मध्यभागी ठेवून ‘स्क्वेअर’ वळण दिली, तर एकच ओळ दोन तुकड्यांत विभागली जाते. मुलाने चित्र ओलांडून पुढे वाचावे की खालच्या ओळीवर यावे, हे त्याला कळत नाही. प्रौढांना सुंदर वाटणारी मांडणी नवशिक्या वाचकाला चकवा ठरते.

जागेचा हिशेबही लक्षात घ्यावा. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटीमीटर असते. दोन्ही बाजूंस सुमारे अडीच-अडीच सेंटीमीटर समास सोडला, तर मजकुरास जवळजवळ १६ सेंटीमीटर मिळतात. त्यात ७ सेंटीमीटरचे चित्र बाजूस ठेवले, की उरतात साडेआठ ते नऊ सेंटीमीटर. लहान मुलांसाठी घेतलेल्या मोठ्या टंकात एवढ्या जागेत तीन-चार शब्दच मावतात. त्यातच दोन्ही कडा सरळ करण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर शब्दांमध्ये मोठमोठी अंतरे पडतात आणि वाक्य विस्कटल्यासारखे दिसते. मराठीतील प्रत्यय लागलेले लांब शब्द या अडचणीत भरच घालतात.

तिसरी-चौथीच्या गोष्टीच्या किंवा परिसर अभ्यासाच्या पानासाठी ‘टॉप अँड बॉटम’ चालेल, कारण ओळी पूर्ण रुंदीच्या राहतात. वरच्या इयत्तांची हस्तलिखिते, शाळेचे वार्षिक वृत्त, पालकांसाठीची निवेदने यांत ‘स्क्वेअर’ शोभून दिसते व कागदाची बचतही होते. मजकुरामागे किंवा मजकुरावर येणारे चित्र मात्र कोणत्याही इयत्तेच्या वाचनपाठासाठी पूर्वनिश्चित करू नये. फिक्या रंगाचे का होईना, चित्र मागे असले म्हणजे प्रतीच्या प्रतीत काना, मात्रा व अनुस्वार अस्पष्ट होतात. ‘मद’ आणि ‘मंद’ यांतील भेद एका टिंबाचा आहे, हे शिक्षकांस सांगणे नलगे.

५. वर्डमधील कृती

संगणकावर बसविलेल्या वर्डमध्ये पूर्वनिश्चित वळण पुढीलप्रमाणे ठरवावी. ‘फाइल’ उघडून ‘ऑप्शन्स’ निवडावे. डावीकडील यादीतून ‘ॲडव्हान्स्ड’ घ्यावे. तेथे ‘कट, कॉपी अँड पेस्ट’ असा विभाग आहे. त्यात ‘इन्सर्ट/पेस्ट पिक्चर्स ॲज’ या ओळीसमोर वर सांगितलेल्या सात प्रकारांची यादी उघडते. त्यांपैकी हवा तो प्रकार निवडून ‘ओके’ करावे.

अलीकडच्या आवृत्तींत याहून जवळचा मार्गही आहे. एखाद्या चित्राला हवी ती वळण द्यावी, चित्र निवडलेले असतानाच ‘रॅप टेक्स्ट’ची यादी उघडावी आणि तिच्या तळाशी असलेले ‘सेट ॲज डिफॉल्ट लेआउट’ निवडावे.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, ही निवड पुढे घातल्या जाणाऱ्या चित्रांनाच लागू होते. पत्रकात आधीपासून असलेली चित्रे तशीच राहतात व ती एकेक करून बदलावी लागतात. दुसरी, ही निवड पत्रकात साठविली जात नाही, ती त्या संगणकावरील वर्डची असते. शाळेच्या संगणकावर ठरविलेली वळण केंद्रशाळेच्या संगणकावर आपोआप मिळणार नाही. एकच संगणक अनेक शिक्षक वापरत असतील, तर ही निवड सर्वांनी मिळून ठरवावी. नाहीतर एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय होईल. तिसरी, वर्डमध्येच रेखाटलेले बाण, वर्तुळे व चौकोन यांवर या निवडीचा परिणाम होत नाही. ते मजकुरावरच येतात. त्यांची वळण वेगळी ठरवावी लागते.

६. लिब्रेऑफिसमधील कृती

लिब्रेऑफिस हे विनामूल्य मिळणारे साधन २०१० सालापासून उपलब्ध आहे. त्यातील ‘रायटर’ या भागात विचाराची पद्धत थोडी निराळी आहे. वर्ड चित्राच्या वळणीची निवड यंत्राच्या पसंतींत ठेवतो. रायटर ती ‘शैली’त ठेवतो.

‘एफ ११’ ही कळ दाबली असता शैलींची यादी उघडते. तीत ‘फ्रेम स्टाइल्स’ हा गट निवडावा. त्यात चित्रांसाठी जी शैली असते तिच्यावर उजवे बटण दाबून तिच्यात बदल करण्याचा पर्याय घ्यावा. उघडलेल्या चौकटीत ‘रॅप’ या पानावर वळणीचे प्रकार दिसतील. ‘नन’ म्हणजे बाजूस मजकूर नाही, जे वर्डच्या ‘टॉप अँड बॉटम’सारखे आहे. ‘बिफोर’ व ‘आफ्टर’ म्हणजे मजकूर चित्राच्या एकाच बाजूस. ‘पॅरलल’ म्हणजे दोन्ही बाजूंस. ‘थ्रू’ म्हणजे चित्राची पर्वा न करता आरपार. याच पानावर चित्र व मजकूर यांतील अंतरही ठरविता येते.

चित्र ओळीतच राहावे असे वाटत असेल, तर नांगराची निवड करावी. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लिब्रेऑफिस रायटर’, ‘फॉरमॅटिंग एड्स’ या क्रमाने गेल्यास नव्या आवृत्तींत चित्राच्या नांगराचा पर्याय मिळतो. तेथे ‘ॲज कॅरॅक्टर’, म्हणजे ‘अक्षराप्रमाणे’, हे निवडावे.

शैलीतील बदल त्या पत्रकापुरताच असतो. तो प्रत्येक नव्या पत्रकास मिळावा, यासाठी बदल केलेले कोरे पत्रक ‘फाइल’मधील ‘टेम्प्लेट्स’ येथून ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ करून ठेवावे आणि ‘सेट ॲज डिफॉल्ट टेम्प्लेट’ या चौकोनात खूण करावी. या पद्धतीचा मोठा लाभ असा की, हा साचा पेनड्राइव्हवर घालून केंद्रातील सर्व शाळांना देता येतो.

७. विशेष दक्षता

ओळीतील चित्र निवडल्यावर एक अडचण हमखास येते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असल्यामुळे ओळींतील अंतर नेमके राहावे म्हणून काही जण ‘एक्झॅक्टली’ हा पर्याय योजतात. या पर्यायात ओळीची उंची ठाम होते. चित्र हे ओळीतील अक्षर असल्याने तेही त्या उंचीत कापले जाते व चित्राची केवळ एक पट्टी दिसते. चित्र बिघडले असे समजून ते पुन्हा पुन्हा घातले जाते. परंतु दोष चित्राचा नसतो. ज्या परिच्छेदात चित्र आहे त्याचे अंतर ‘सिंगल’ किंवा ‘ॲट लीस्ट’ करावे. चित्र पूर्ण दिसू लागेल. याहून चांगले म्हणजे ‘चित्र’ नावाची एक परिच्छेद-शैलीच करून ठेवावी, तीत अंतर ‘सिंगल’ ठेवावे व ‘कीप विथ नेक्स्ट’ हा पर्याय घ्यावा. त्यामुळे चित्र एका पानाच्या तळाशी व त्याचे नाव दुसऱ्या पानाच्या माथ्यावर, अशी ताटातूट होणार नाही.

चित्र व शब्द समोरासमोर हवे असतील, तर चित्रे तरंगती करून ती हाताने जुळवीत बसू नये. दोन रकान्यांचा तक्ता घ्यावा. एका घरात ओळीतील चित्र ठेवावे, शेजारच्या घरात शब्द लिहावा. रेघा नको असतील तर त्या अदृश्य कराव्या. तक्त्याच्या गुणधर्मांत आशयानुसार आपोआप रुंदी बदलण्याचा पर्याय बंद करावा व ओळ दोन पानांत तुटू देण्याची परवानगी काढून घ्यावी. मग वर कितीही सूचना वाढविल्या तरी मगर आणि ‘मगर’ एकत्रच खाली सरकतील. आरंभी सांगितलेल्या घोटाळ्यावर हाच खरा उपाय आहे.

तिसरी दक्षता टंकाविषयी. मराठी टंकांच्या रुंदीत बराच फरक असतो. एका संगणकावर ज्या टंकात पत्रक लिहिले तो टंक दुसऱ्या संगणकावर नसेल, तर यंत्र त्याजागी निराळा टंक घेते. ओळी कमीजास्त लांब होतात, परिच्छेद खालीवर सरकतात, आणि तरंगती चित्रे भलत्याच मजकुराशेजारी जाऊन बसतात. यास्तव प्रती काढण्यासाठी पत्रक बाहेर पाठवावयाचे झाल्यास ते पीडीएफ स्वरूपात पाठवावे. या स्वरूपात पान जसे दिसते तसेच राहते; जुन्या भाषेत बोलायचे तर फर्मा आवळला जातो. पुढे दुरुस्ती करता यावी म्हणून मूळ पत्रकही जपून ठेवावे.

८. समारोप

पूर्वनिश्चित वळण ठरविण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. त्यानंतर प्रत्येक पत्रकाच्या वेळी होणारी ओढाताण पुष्कळ अंशी टळते. परंतु यंत्राने पत्करलेली कोणतीही वळण शिक्षकाच्या विचाराची जागा घेऊ शकत नाही. पहिलीचे पत्रक, चौथीची गोष्ट आणि पालकांचे निवेदन यांच्या गरजा वेगळ्या आहेत. जे आपल्या वर्गात सर्वाधिक वेळा लागते ते पूर्वनिश्चित करावे, आणि अपवाद हाताने करावे, हा साधा नियम पाळावा. आणि प्रती काढण्यापूर्वी छापील पान एकदा मुलाच्या दृष्टीने, वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचून पाहावे. जेथे आपले बोट अडखळेल तेथे मुलाचे वाचन अडखळणार, हे निश्चित समजावे.

स्वाध्याय (केंद्रसंमेलनात चर्चेसाठी)

(१) पाच चित्रे व पाच शब्द यांचे एक पत्रक दोन प्रकारे तयार करा: एकदा पानावर स्थिर केलेली तरंगती चित्रे घेऊन व एकदा तक्त्यात ओळीतील चित्रे घेऊन. दोन्हींच्या आरंभी दोन ओळींची सूचना वाढवा. कोणत्या पत्रकात जोड्या टिकल्या, ते पाहा व त्याचे कारण सांगा.

(२) एका परिच्छेदात ओळीतील चित्र घालून ओळींचे अंतर ‘एक्झॅक्टली’ करा. काय दिसते त्याची नोंद करून उपाय योजा.

(३) आपल्या शाळेत गेल्या सत्रात वापरलेले कोणतेही एक सचित्र पत्रक घ्या. दुसरीतील एका मुलास ते मोठ्याने वाचावयास सांगा. चित्राजवळ त्याचे बोट कोठे थांबते याचे निरीक्षण करा आणि त्यानुसार पत्रकाची मांडणी सुधारा.

(४) आपल्या केंद्रातील शाळांसाठी पहिली-दुसरीच्या पत्रकांचा एक समान साचा कसा असावा, याविषयी सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून तो तयार करा.